कुकरातला बीफ रोस्ट आणि त्याची ग्रेव्ही: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ओव्हन नसेल तर रोस्ट होत नाही, असं कोणी सांगितलं असेल तर ते विसरा. वांद्रे, माहीम, गोराई इथल्या ख्रिस्ती घरांत रविवारी जो रोस्ट ताटात येतो, त्यातल्या बहुतेकाला ओव्हनचा वाराही लागलेला नसतो. मांसाचा अख्खा तुकडा आलं-लसूण-मिरीत मुरवायचा, तेलात सगळ्या बाजूंनी खरपूस करायचा, बेताच्या पाण्यात कुकरला लावायचा आणि शेवटी चकत्या कापून त्याच पाण्याच्या दाट ग्रेव्हीत सोडायच्या. पाच लिटरचा कुकर, जाड बुडाची कढई आणि धार असलेली सुरी एवढं घरात असलं की काम भागतं.

खर्च कमी ठेवायचा तर दोन गोष्टी बघायच्या: तुकडा कोणता घेता आणि त्याला वेळ किती देता. नवखी माणसं नेमकी उलटी वाट धरतात. जास्त पैसे मोजून मऊ तुकडा आणतात, आठला कुकर चढवतात आणि नऊला पानं वाढतात. मग मांस कोरडं, चकत्यांचा भुगा आणि ग्रेव्हीच्या नावाखाली पिवळं पाणी. स्वस्त, कामाला लागलेल्या स्नायूचा चिवट तुकडा आणि मध्ये एक रात्र, एवढं जमवलंत तर सहा माणसांचं जेवण एका किलोत होतं. म्हणून रविवारी रोस्ट खायचा असेल तर शनिवारी सकाळीच बाजारात जा.

बाजारात

मुंबईत दुकानाच्या पाटीवर 'बीफ' असलं तरी आत मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं मांस. राज्यात गाईच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यापासून आहे, आणि २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर बैल आणि वळूही बंदीखाली आले. म्हशी-रेड्यांच्या मांसाला मात्र मुभा आहे. दुकान परवान्याचं आणि वर्दळीचं बघा. जिथे गिऱ्हाईक जास्त तिथला माल ताजा. गांधी जयंती, महावीर जयंती अशा काही दिवशी पालिकेचा देवनारचा कत्तलखाना बंद असतो आणि दुकानंही बंद राहतात, तेव्हा पाहुण्यांना बोलावण्याआधी कॅलेंडरवर नजर टाका. नाताळ आणि ईस्टरच्या तोंडावर रोस्टच्या पीससाठी झुंबड उडते. त्या दिवसांत आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

म्हशीचं मांस गडद लाल असतं आणि चरबी पांढरी. ही चरबी बहुतेक बाहेरच्या बाजूला असते, स्नायूच्या आत फार नसते. त्यामुळे परदेशी पाककृतींतल्या वेळा इथे चालत नाहीत. आतून गुलाबी ठेवलेल्या रोस्टचे फोटो पाहून हा तुकडा तसा करायला गेलात तर चघळत बसाल. आपला रोस्ट पूर्ण शिजलेलाच हवा.

दोनच तुकडे लक्षात ठेवा. मागच्या पायाचं रान घेतलंत तर चकत्या नीट, एकसारख्या पडतात. पहिल्यांदा करताना हेच घ्या. पुढच्या पायाच्या वरचा भाग, म्हणजे खांदा, शिरांनी भरलेला असतो. त्याची ग्रेव्ही जास्त चांगली होते, पण चकत्या जरा तुटतात. खाटीक तुम्हाला अंडरकट, म्हणजे पाठीच्या कण्याखालचा सगळ्यात मऊ तुकडा, दाखवेल आणि 'एकदम मख्खन' म्हणेल. म्हणू दे. अंडरकट स्टेकला आणि चिली फ्रायला उत्तम, पण त्यात शिरा जवळजवळ नसतात, आणि कुकरात पाऊण तास ठेवलंत की त्याचे सुके धागे होतात. वर भावही जास्त.

दुकानात बोलणं हिंदीतच होतं: "भाई, रोस्ट का पीस देना, रान का, एक किलो. काटना मत." शेवटचे दोन शब्द विसरू नका, नाहीतर सवयीने सुरा चालतो आणि हातात बोटी, म्हणजे छोटे तुकडे, पडतात. तुकडा साधारण सहा इंच लांब आणि तीन इंच जाड असावा, धागे लांबीच्या दिशेने जाणारे. वरची चरबी सगळी काढायला लावू नका, पातळ थर राहू दे. वरचा चकचकीत पांढरा पडदा मात्र साफ करून घ्या, तो शिजूनही रबरच राहतो. आणि दोन-तीन हाडं मागा. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ती बरेचदा नुसती टाकून मिळतात, विकत घेतली तरी स्वस्त पडतात, आणि ग्रेव्हीला अंग येतं ते त्यांच्यामुळे.

बोनलेस बीफ बकऱ्याच्या मटणाच्या साधारण निम्म्या भावात, कधी त्याहूनही कमीत येतं. पण शिजल्यावर किलोचं साडेसहाशे-सातशे ग्रॅम उरतं, हे धरूनच हिशोब करा. लोकलने येणार असाल तर घरून घट्ट झाकणाचा डबा न्या. पिशवी गळत नाही आणि गाडीत कोणाला नाक मुरडायला कारण मिळत नाही.

मुरवण

धुवायचं असेल तर अख्खा तुकडा हळू धारेखाली एकदा धुवा, सिंक लगेच साबणाने घासा आणि मांस स्वच्छ फडक्याने टिपून कोरडं करा. काट्याने चहूबाजूंनी टोचा. एका किलोला सपाट दोन चमचे मीठ, दोन चमचे ताजी भरड कुटलेली मिरी, अर्धा चमचा हळद, दोन मोठे चमचे आलं-लसूण वाटण आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती, घरांत उसाचं व्हिनेगर वापरतात. त्याचा आंबटपणा गोल असतो. दुकानातलं पांढरं सिंथेटिक असेल तर दीड चमचाच घाला. तेही नसेल तर एका लिंबाचा रस.

कच्ची पपई लावायची का, हे हमखास विचारलं जातं. या रोस्टला नको. पपईतला पाचक रस जिथे लागतो तिथलंच मांस मोडतो. तीन इंच जाड तुकड्यात तो आत पोचतच नाही, त्यामुळे बाहेरून लगदा आणि आतून होतं तसंच. सीख कबाबच्या खिम्याला पपई ठीक. इथे मऊ करायचं काम कुकर करणार आहे.

खरं तर मसाल्यातलं मीठच तेवढं सावकाश आत जातं, बाकी सगळं वरवर राहतं. मिठाला वेळ मिळावा म्हणून मुरवायचं. फ्रिजमध्ये झाकून निदान चार-पाच तास ठेवा. शनिवारी सकाळी लावलंत तर संध्याकाळपर्यंत तयार. तुकडा वेडावाकडा असेल तर पांढऱ्या सुती दोऱ्याने दोन-दोन इंचांवर बांधा, म्हणजे शिजताना पसरत नाही. रंगीत किंवा नायलॉनचा दोरा चुकूनही वापरू नका.

तांबूस करणं

या पायरीला लोक कंटाळतात आणि ग्रेव्हीचा रंग इथेच जातो. तुकडा अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा. अंगावरचं वाटण बोटांनी निपटून वाटीत काढून ठेवा, कारण आलं-लसूण मांसाआधी करपतं आणि कडू होतं. मग तुकडा पुन्हा टिपा. ओलं मांस तेलात पडलं की पाणी आटेपर्यंत नुसतं वाफवत राहतं, त्याला रंग चढत नाही.

कढईत तीन मोठे चमचे तेल चांगलं तापवा. तुकडा ठेवा आणि हात मागे घ्या. तीन-चार मिनिटं हलवू नका. खालून तांबूस झाला की तो आपोआप सुटतो. ओढावा लागत असेल तर अजून वेळ आहे. अशा चारी बाजू आणि दोन्ही टोकं करायची, एकूण पंधरा मिनिटं. एक्झॉस्ट फॅन लावा, धूर होतोच. यामुळे 'रस आत कोंडला जातो' असं सांगतात त्यात तथ्य नाही, रस नंतर निघतोच. पण मांसाच्या तांबूस पृष्ठभागावर जी चव तयार होते ती उकळत्या पाण्यात कधीच होत नाही, आणि पुढे ती सगळी ग्रेव्हीत उतरते.

तुकडा बाजूला काढा. त्याच तेलात चार लवंगा, दोन इंच दालचिनी, आठ-दहा मिरी दाणे, एक तमालपत्र आणि दोन सुक्या काश्मिरी मिरच्या. फुलल्या की तीन मध्यम कांदे जाडसर उभे कापून घाला आणि गडद तपकिरी होईपर्यंत परता. दहा-बारा मिनिटं लागतात, घाई नको. मग बाजूला ठेवलेलं वाटण घालून दोन मिनिटं. एक टोमॅटो चालेल. दोन घातलेत की रोस्टचा रस्सा होतो. शेवटी अर्धा कप पाणी ओतून कढईच्या बुडाला चिकटलेलं सगळं उलथन्याने खरवडून घ्या. त्यातला कणही सिंकमध्ये जाऊ देऊ नका.

कुकर

मांस, हाडं, कढईतलं सगळं आणि दीड कप पाणी कुकरमध्ये. तुकडा अर्धाच बुडायला हवा. पूर्ण बुडवलात तर तो उकडला जातो आणि नंतर ते पाणी आटवता आटवता गॅस संपतो. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी, मग गॅस अगदी बारीक करून चाळीस मिनिटं. शिट्ट्या मोजू नका. कोणाचा कुकर दर दोन मिनिटांनी ओरडतो, कोणाचा दहा मिनिटांनी, घड्याळ बघा.

आत काय होतं ते कळलं की वेळ स्वतः ठरवता येते. चिवट मांसातल्या शिरा आणि आतले पातळ पडदे मुख्यतः कोलाजेन या प्रथिनाचे असतात. गरम, ओलसर वातावरणात पुरेसा वेळ मिळाला की त्याचं जिलेटिन होतं, मांस मऊ लागतं आणि पाण्याला चिकटपणा येतो. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांपुढे जात नाही, कुकरमध्ये सुमारे १२० अंशांपर्यंत चढतं. तीन तासांचं काम पाऊण तासात होतं ते यामुळे.

गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडू नका. दाब एकदम उतरला की आतलं पाणी भसकन उकळतं आणि मांसातला ओलावा घेऊन जातं. पंधरा-वीस मिनिटांत झाकण आपोआप सुटेल. पातळ सुरीचं टोक मधोमध खुपसून बघा. सहज जाऊन सहज बाहेर आलं, तर झालं. सुरी आत अडकली तर पाणी पुरेसं आहे ना ते बघून आणखी दहा-पंधरा मिनिटं लावा. जनावर थोराड असलं की एवढा वेळ लागतोच. नुसत्या काट्याने धागे सुटायला लागले असतील तर मात्र थांबा, आता चकत्या पडणार नाहीत.

कुकर नसेल तर जाड बुडाच्या टोपात, घट्ट झाकण आणि झाकणावर पाणी ठेवून, मंद आचेवर अडीच-तीन तास. अर्ध्या तासाने एकदा उलटायचं. चव उत्तम येते, पण गॅसचा खर्च बघता रोजच्या घरासाठी कुकरच.

रात्रभर थांबायचं

गरम रोस्ट कापला की कितीही धारदार सुरी असो, तो चुरतो. तुकडा ग्रेव्हीतून काढून डब्यात ठेवा, ग्रेव्ही वेगळ्या भांड्यात. वाफ गेली की दोन्ही फ्रिजमध्ये. मुंबईच्या उकाड्यात ओट्यावर रात्रभर ठेवायचं नाही. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते आत गेलंच पाहिजे. वेळच नसेल आणि त्याच दिवशी खायचं असेल तर निदान अर्धा तास थांबा आणि चकत्या जाड कापा.

सकाळी तुकडा घट्ट झालेला असेल. दोरा काढा आणि धागे कोणत्या दिशेने जातात ते बघा. सुरी त्या धाग्यांना आडवी चालवायची. धाग्यांच्या दिशेने कापलंत तर प्रत्येक घासात लांब दोऱ्या येतात, आडवं कापलं की त्याच दोऱ्या अर्ध्या सेंटिमीटरच्या होतात. चकत्याही तेवढ्याच जाड ठेवा. स्वस्त तुकडा महागाचा वाटतो तो या कापण्याने.

ग्रेव्ही

फ्रिजमधल्या ग्रेव्हीवर चरबीचा पांढरा थर जमलेला दिसेल. तो चमच्याने उचलून वाटीत ठेवा, बटाट्यांना लागणार आहे. खाली ग्रेव्ही जेलीसारखी थरथरत असेल तर हाडांनी काम केलं.

ती गरम करून हाडं आणि खडा मसाला काढा. हाडं ज्याला चोखायची असतील त्याला द्या. आमच्याकडे यावरून भांडण होतं. उरलेला कांदा चाळणीतून दाबून काढा किंवा मिक्सरमधून फिरवा. हा शिजलेला कांदाच अर्धा दाटपणा देतो. आता पसरट पातेल्यात मोठ्या आचेवर उकळू द्या. सहा जणांना साधारण दोन कप ग्रेव्ही लागते. चमच्याची मागची बाजू बुडवून बाहेर काढा आणि त्यावर बोट फिरवा. रेघ उमटून तशीच राहिली तर झाली.

पातळच राहिली तर वेगळ्या छोट्या कढईत त्याच चरबीचा एक मोठा चमचा आणि एक मोठा चमचा मैदा, मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता. मग गरम ग्रेव्ही पळीपळीने घालत ढवळा. सगळी एकदम ओतली की गाठी होतात. पाच मिनिटं उकळा, नाहीतर मैद्याचा कच्चा वास राहतो. कॉर्नफ्लोअरने काम लवकर होतं, पण त्याची चकचकीत ग्रेव्ही पाहिली की मला चायनीजची गाडी आठवते. रंग फिका वाटला तर अर्धा चमचा साखर थोड्या तेलात गडद तपकिरी करून त्यात दोन चमचे पाणी घाला, लांबून, कारण उडतं, आणि तो पाक ग्रेव्हीत मिसळा.

मीठ सगळ्यात शेवटी. आटताना खारटपणा वाढत जातो, म्हणून आधी चाखून घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. झालंच जास्त, तर बटाट्याची फोड टाकून ते शोषलं जाईल या भरवशावर राहू नका. फोडीत जेमतेम फरक पडतो. गरम पाणी वाढवा आणि मैद्याने पुन्हा दाट करा. आंबट झाली असेल तर चिमूटभर साखर. सपक वाटली तर अर्धा चमचा व्हिनेगर आणि ताजी मिरी.

बाटली मसाला घालावा का? ईस्ट इंडियन घरात पावसाळ्याआधी कुटून बाटल्यांत भरलेला तो मसाला असेल तर हात वळवळणारच. एक चमचा घातल्याने बिघडत काही नाही, पण मग सगळा रोस्ट त्याच्याच चवीचा होतो. माझं मत विचाराल तर तो कालवणाला ठेवा, रोस्ट मिरी आणि दालचिनीवरच चालू द्या.

तयार ग्रेव्हीत चकत्या सोडा आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा. चकत्या आतपर्यंत कडक गरम व्हायला हव्यात, पण खळाखळा उकळी नको.

ताट

पाऊण किलो बटाटे सोलून, मोठे असतील तर अर्धे करून, मिठाच्या पाण्यात आठेक मिनिटं उकडा. अर्धवट शिजले की निथळा आणि झाकण लावून भांडं एकदा झटका, म्हणजे कडा खरबरीत होतात आणि पुढे त्याच कुरकुरीत होतात. वाटीतली चरबी पसरट तव्यावर तापवून बटाटे सगळीकडून लाल करा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. जोडीला उकडलेलं गाजर आणि फरसबी, जे स्वस्त असेल ते.

रोस्टबरोबर पाव हवा. लादीपाव किंवा, बेकरी जवळ असेल तर, कडक ब्रून. फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोल पाव, सणाला ठीक. रविवारी दुपारी तळत कोण बसणार. भात लागणारी माणसं प्रत्येक घरात असतात, त्यांच्यासाठी साधा पांढरा भात. चकत्या स्वयंपाकघरातूनच वाढा, माणशी तीन-चार, आणि ग्रेव्हीचं भांडं मात्र टेबलावर ठेवा. उलटं केलंत तर पहिल्या दोघांतच अर्धा रोस्ट संपतो आणि शेवटच्याच्या पानात बटाटे येतात.

उरलंच तर झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. खाण्याआधी पूर्ण गरम करा. सोमवारच्या डब्याला पावात दोन चकत्या, कांद्याच्या रिंगा आणि थोडी मोहरीची पेस्ट. तुटके तुकडे कांदा, सिमला मिरची आणि हिरव्या मिरचीबरोबर परतले की चिली फ्राय झालं. अगदीच भुगा उरला तर तो बारीक करून उकडलेल्या बटाट्याच्या पारीत भरा आणि रव्यात घोळवून तळा, पोटॅटो चॉप होतात. नुसती ग्रेव्ही उरली तर फ्रीझरमध्ये ठेवा. मोठा डबा भरू नका, कारण एकदा वितळवलेली ग्रेव्ही परत गोठवायची नाही. एका वेळेला पुरेल एवढ्याच वाट्या भरा आणि वर बोटभर जागा सोडा.